पाच झगे, पाच टोप्या आणि एक चांदणी

सगळ्यात आधी टोपीचंच लिहिते कारण गेले पाच आठवडे माझ्या डोक्यात दुसरं काही नव्हतं. पांढऱ्या पुठ्ठ्याची उंच निमुळती टोपी, भेळवाला कागदाचा कोन करून देतो ना, तो उलटा धरला की जसा दिसेल तशी, आणि त्यावर सोनेरी चांदण्या चिकटवलेल्या. स्वीडिश लोक तिला स्त्रूत म्हणतात, आइस्क्रीमच्या कोनालाही इथे हाच शब्द आहे. 13 डिसेंबरला लुसियाच्या मिरवणुकीत गाणारे पुरुष आणि मुलगे ही टोपी घालतात, अंगात पायघोळ पांढरा झगा, हातात काठीवर बसवलेली सोनेरी चांदणी. त्यांना शेर्नगोस्से म्हणायचं, म्हणजे चांदणीवाला मुलगा, मग तो सत्तर वर्षांचा आजोबा असला तरी त्या दिवशी मुलगाच.

मी स्टॉकहोमच्या उत्तरेला राहते, उपसालाकडे जाणाऱ्या लोकलच्या लाइनवर, आणि इथल्या एका हौशी कॉयरमध्ये चार वर्षं गाते. आमच्यात बायका सतरा आणि पुरुष पाच. एक रिटायर्ड शिक्षक, एक रिटायर्ड बसड्रायव्हर, एक नर्स आहे जो एकशे शहाण्णव सेंटीमीटर उंच आहे, एक कॉलेजचा मुलगा आणि पाचवा माझा नवरा, ज्याला मी गेल्या वर्षी ओढून आणला आणि आता तो माझ्याआधी प्रॅक्टिसला जाऊन बसतो. दरवर्षी आम्ही लुसियाच्या सकाळी एका वृद्धाश्रमात गातो, सात वाजता, आणि संध्याकाळी लायब्ररीत.

ज्यांना लुसिया माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. लुसिया मूळची सिसिलीतल्या सिराक्यूजची, इसवी सन 304 मध्ये श्रद्धेसाठी जीव दिलेली संत. आता ती इतक्या उत्तरेला कशी आली ते लांबलचक आहे, पण एक गोष्ट मला फार आवडते, ती अशी की मध्ययुगात जुन्या ज्युलियन कॅलेंडरप्रमाणे वर्षातली सर्वात मोठी रात्र 13 डिसेंबरच्या आसपास यायची. स्वीडनने 1753 मध्ये कॅलेंडर बदललं, मोठी रात्र पुढे सरकली, पण लोकांच्या मनातली लुसियाची रात्र तिथंच राहिली. त्या दिवशी स्टॉकहोमला सूर्य साडेआठनंतर उगवतो आणि तीन वाजायच्या आत मावळतो, त्यामुळे सकाळी सातला मिट्ट काळोख असतो आणि त्या काळोखात एक मुलगी डोक्यावर मेणबत्त्यांचा मुकुट घालून, कमरेला लाल रिबीन बांधून पुढे चालते आणि मागे पांढऱ्या झग्यातले सगळे गात येतात. शाळेत, ऑफिसात, हॉस्पिटलात, चर्चमध्ये, सगळीकडे. नोबेल घ्यायला आलेल्या शास्त्रज्ञांनासुद्धा त्यांच्या हॉटेलात लुसिया गाऊन उठवते.

तर आमचं झालं असं की ऑक्टोबरच्या शेवटी कपड्यांची पेटी उघडली आणि पुरुषांचे सगळे झगे बुरशीने काळे पडलेले. तळघरात पाणी आलं होतं ते कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. बायकांचे झगे वरच्या कपाटात हँगरला, नीट. पुरुषांचे मात्र पेटीत कोंबलेले, टोप्या तर चेपून सपाट झालेल्या. मला ते बघून वाईट वाटलं, खरंच वाटलं. कारण हे फक्त आमच्याकडे नाही. माझ्या मुलाच्या वर्गातसुद्धा दरवर्षी तेच बघते, मुलींचे झगे आयांनी इस्त्री करून आणलेले असतात आणि मुलग्यांसाठी शेवटच्या दिवशी सुपरमार्केटमधून पॉलिएस्टरचा पातळ झगा आणि एक मऊ पुठ्ठ्याची टोपी, जी पहिल्याच गाण्यात कानावर घसरते, मग मुलं एकमेकांच्या टोप्या उडवत बसतात, आणि पुढच्या वर्षी म्हणतात आम्ही लाल टोपीचा सांता होतो, नाहीतर जिंजरब्रेडचा बाहुला होतो. गेल्या वर्षी त्याच्या वर्गात दहा मुलग्यांत चांदणीवाला फक्त एक होता. टोपी डोक्यावर बसत नसेल तर कुठला मुलगा ताठ उभा राहून गाईल?

मीटिंगमध्ये बोलणं चाललं होतं की ऑनलाइन पाच मागवून टाकू. मी हात वर केला आणि म्हटलं मी शिवते. माझे वडील मिरजेत शिंपी आहेत, आम्ही त्यांना अण्णा म्हणतो, दुकान सतारमेकर गल्लीपासून हाकेच्या अंतरावर. त्यामुळे सदरे आणि पँटींबरोबर तानपुऱ्याच्या आणि सतारीच्या गवसण्या शिवणं हे त्यांचं वर्षानुवर्षांचं काम, आणि मिरजेला गाणाऱ्यांचं येणंजाणं कायमच, त्यामुळे गवय्यांचे सदरे पण. मी त्यांच्या पायमशीनखाली बसून चिंध्यांशी खेळत मोठी झाले. शिवणकाम मला येतं, पण पुरुषाचा पायघोळ झगा मी कधी कापला नव्हता.

कापडाचं आधी ठरवलं. सुती, पॉलिएस्टर अजिबात नाही. लुसियाच्या मिरवणुकीत खऱ्या मेणबत्त्या असतात, आमच्याकडे मुकुटात बॅटरीच्या आहेत पण बायकांच्या हातात खऱ्याच असतात, आणि पॉलिएस्टर पेटलं की वितळून कातडीला चिकटतं. सुती कापड पण पेटतं हे मला माहितेय, म्हणून चांदणीवाल्यांनी मेणबत्तीवाल्यांपासून दोन पावलं लांब चालायचं हा आमचा नियम आहे आणि बाही रुंद असली तरी लोंबती नको हा माझा. दुसरं कारण दिसण्याचं. पॉलिएस्टरचा पांढरा निळसर दिसतो, थंड, ट्यूबलाइटसारखा. जुनं धुतलेलं सुती कापड मेणबत्तीच्या उजेडात साईसारखं दिसतं. हा फरक फोटोत कळत नाही, समोर उभं राहिलं की कळतो.

इथे जुन्या वस्तूंची दुकानं आणि लॉप्पिस म्हणजे जुन्या बाजाराची फार चांगली पद्धत आहे, आणि तिथे जुन्या चादरींचा ढीग असतो. आजीच्या पेटीतल्या, जाड विणीच्या, कोपऱ्यात लाल दोऱ्याने नावाची आद्याक्षरं भरलेल्या. पूर्वी मुली लग्नाआधी स्वतःच्या चादरी स्वतः भरायच्या. मी तीन शनिवार फिरून पाच डबल चादरी गोळा केल्या, 240 बाय 260 च्या आसपास, काही चाळीस क्रोनरला काही साठला. दोन लिननच्या मिळाल्या, अळशीच्या धाग्याच्या, त्या इतक्या सुंदर होत्या की मला कापताना हात लावायला भीती वाटत होती. झग्याला इथे लिन्ने म्हणतात, ते नाव लिननच्या कापडावरूनच आलेलं, म्हणजे मी लिन्नेचंच लिन्ने शिवत होते.

अण्णांना व्हिडिओ कॉल लावला आणि चादर कॅमेऱ्यापुढे धरली. ते म्हणाले, "आधी पाण्यातनं काढ." म्हटलं अण्णा, जुनी चादर आहे, शंभर वेळा धुतलीय. "तरी काढ गं. तुझ्या तिथलं पाणी आणि तिचं पाणी एक नसंल." मग काढलं. लिननची चादर खरंच तीन सेंटीमीटर आटली.

मापं घ्यायला सगळ्यांना घरी बोलावलं. उंची, खांदा, खांद्यापासून घोट्यापर्यंत, हाताची लांबी मनगटापर्यंत, आणि छाती दोनदा, एकदा नुसती आणि एकदा पूर्ण श्वास भरून. ही दुसरी अण्णांची शिकवण. ते म्हणतात गाणाऱ्याचा सदरा छातीला बसला तरी चालतो पण फासळीला अडकला नाही पाहिजे, कारण श्वास खाली भरतो आणि बाजूला फुगतो. आमच्या बसड्रायव्हर काकांचा फरक आठ सेंटीमीटरचा निघाला, ते बास गातात, म्हणजे सगळ्यात खालच्या पट्टीतला आवाज, आणि त्यांनी सांगितलं की गेल्या वर्षीचा झगा त्यांना काखेखाली इतका करकचत होता की लांब ओळ मध्येच तोडावी लागायची. हे त्यांनी चार वर्षं कुणाला सांगितलं नव्हतं.

कटिंग साधं आहे. डबल चादर घेऊन पुढचा आणि मागचा भाग शेजारी शेजारी, छातीला साठ सेंटीमीटर, खाली सत्तर, लांबी साधारण उंचीच्या माणसाला 145 अधिक दुमड. उरलेल्या पट्टीतून बाह्या आणि दोन कळ्या, म्हणजे खाली रुंद होत जाणारे तिकोनी तुकडे. कळ्या बाजूच्या शिवणीत, खाली पंचवीस पंचवीस रुंद, म्हणजे घेर एकशे नव्वदपर्यंत जातो आणि पायऱ्या चढताना पायात येत नाही. कळ्या नसलेला झगा सरळ पोत्यासारखा पडतो आणि माणूस छोटी छोटी पावलं टाकत चालतो, मिरवणूक लगेच बिचारी दिसते. खालची कड जमिनीपासून पाच सेंटीमीटर वर. चादरीची मूळची दुमड मी तशीच खालच्या कडेला वापरली, त्या जुन्या हातशिलाईच्या तोडीची शिलाई मला येणार नाही, आणि आद्याक्षरं जिथे होती ती कापून न टाकता आतल्या बाजूला डाव्या कडेजवळ येतील असं बसवलं. गळ्याला कॉलर नाही, गोल गळा, पुढे चौदा सेंटीमीटरची चीर आणि नाडी. बटण लावलं नाही कारण गाताना गळा हलतो आणि प्रत्येकाला कुठे सैल हवं ते वेगळं असतं, नाडी त्याची तो बांधतो.

आणि आता काख. यावर मी पूर्ण एक रविवार घालवला आणि तो वाया गेला नाही. चांदणीची काठी उजव्या हातात, कोपर वाकवून, मूठ छातीच्या जरा वर. पंचवीस मिनिटं. साध्या मुंढ्याची बाही लावली तर हात वर धरला की झग्याची उजवी बाजू आख्खी वर ओढली जाते, खालून काळी पँट दिसते, डावी बाजू तेवढीच राहते आणि सगळे पुरुष तिरपे दिसतात. दर वर्षी तसेच दिसायचे, मला वाटायचं त्यांना उभं राहता येत नाही. अण्णांना दाखवलं. त्यांनी चष्मा वर केला, जवळ येऊन बघितलं आणि एकच शब्द म्हणाले, "चौबगला." जुन्या अंगरख्यात आणि सदऱ्यात काखेत चौकोनी तुकडा तिरपा घालतात तो. बारा बाय बारा सेंटीमीटर, कोपरा वर करून, चार बाजू चार शिवणींना. घातला, नवऱ्याला झगा चढवला, हात वर करायला सांगितला, आणि खालची कड हलली नाही. मी त्याला दहा वेळा हात वर खाली करायला लावला. तो म्हणाला झालं ना, मी म्हटलं थांब अजून एकदा, कारण मला ते बघायचंच होतं.

तो तुकडा बसवणं अवघड आहे हे मात्र सांगून ठेवते. चारही कोपऱ्यात शिवण कापडाच्या काठापासून बरोबर एक सेंटीमीटर आधी थांबायला हवी, नाहीतर चुणी पडते. आधी कच्चा टाका घाला, मशीनला घाई करू नका. माझं मशीन हुस्क्वार्नाचं जुनं आहे, इथेच सेकंडहँड घेतलेलं, या कंपनीने 1872 मध्ये शिलाई मशीन करायला सुरुवात केली आणि मूळची ती बंदुकांचा कारखाना. जाड लिनन, चार थर, एकदाही सुई मोडली नाही.

टोपीकडे येते. दुकानातल्या टोपीची मोठी चूक म्हणजे सगळ्यांना एकच माप आणि हनुवटीखाली इलास्टिक. गाणाऱ्या माणसाला हनुवटीखाली इलास्टिक कसं चालेल? तोंड उघडलं की ते रुततं, मग माणूस तोंड कमी उघडतो. आणि टोपी सैल असली की कानावर उतरते, शेजारच्याचा आवाज ऐकू येत नाही आणि सूर जातो. आमच्या टेनरच्या, म्हणजे पुरुषांतल्या वरच्या पट्टीतल्या आवाजाच्या, एका जागी गेल्या वर्षी नेमकं हेच झालं होतं.

शंकूचं गणित शाळेतलंच आहे, मुलाला शेजारी बसवून केलं. डोक्याचा घेर 58, अस्तरासाठी एक वाढवून 59. म्हणजे त्रिज्या 9.4. टोपीची उंची 40 धरली तर तिरकी बाजू 41.1 येते. त्रिज्येला तिरक्या बाजूने भागून 360 ने गुणा, 82 अंश. तेवढा वर्तुळाचा तुकडा 41.1 त्रिज्येने काढायचा, दोन सेंटीमीटर चिकटवायला जास्त. गंमत म्हणजे हा तुकडा ए-टू साइजच्या पुठ्ठ्यात बरोबर मावतो, 42 बाय 59.4 मध्ये. मुलाने हे शोधून काढलं आणि त्याला इतका आनंद झाला की त्याने पाचही टोप्यांचे तुकडे स्वतः आखले.

नुसता पुठ्ठा मात्र लावू नका. डोकं गोल नसतं, लांबट असतं, पुठ्ठा कपाळावर टोचतो आणि बाजूला फट राहते. मी खालच्या आठ सेंटीमीटरला पुठ्ठ्याऐवजी बकरम वापरलं, कॉलरमध्ये वापरतात ते जाड, वाफेची इस्त्री देऊन प्रत्येकाच्या डोक्यावर तसंच गरम असताना दाबून आकार दिला, अर्थात खाली टॉवेल ठेवून. वरून सगळ्याला चादरीच्या उरलेल्या कापडाचं आवरण, मागे एकच शिवण. आत मखमलीची तीन सेंटीमीटरची पट्टी, केसांच्या विरुद्ध दिशेने लव येईल अशी. ती पट्टी पकडते. बसड्रायव्हर काकांना केस नाहीत, त्यांच्या कातडीवरही पकडली, तेही मला आधी खात्री नव्हती. इलास्टिक कुठेच नाही.

नर्सदादाची टोपी वेगळी. तो एकशे शहाण्णव, टोपी चाळीस, बेरीज दोनशे छत्तीस, आणि इथल्या दाराची मोकळी उंची दोन मीटरच्या आसपास असते. म्हणजे तो कुठल्याही दारातून जाताना वाकणारच, पण इतकं वाकला की टोपी पडते. त्याची मी तीस सेंटीमीटरची केली, मग एका रांगेत उभे राहिल्यावर टोकं जवळजवळ सारख्या पातळीत येतील म्हणून कॉलेजच्या मुलाची, जो 168 आहे, पंचेचाळीसची केली. तरी नर्सदादा वर राहतोच. त्याने स्वतःच वृद्धाश्रमात जाऊन आधी दारं मोजून आणली आणि गुडघे वाकवून पाठ सरळ ठेवून आत शिरायची प्रॅक्टिस केली.

चांदण्या सोनेरी कार्डपेपरच्या, पाच टोकांच्या, प्रत्येक टोपीवर पाच, मोठी खाली पुढे आणि लहान होत वर. मला चकाकणारी माळ गुंडाळलेली टोपी आवडत नाही, हे माझं मत आहे, बऱ्याच जणांना आवडते. माझ्या मते पांढऱ्यावर मोजक्या सोनेरी चांदण्या लांबून जास्त दिसतात. काठ्या लाकडाच्या, बारा मिलीमीटर जाड, नव्वद सेंटीमीटर लांब, पांढऱ्या रंगवलेल्या.

आता हे चांदणीवाले लुसियाच्या मागे कुठून आले ते सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. ते मूळचे लुसियाचे नव्हतेच. ते 6 जानेवारीचे, बाळ येशूला भेटायला पूर्वेकडून चांदणीमागे आलेल्या तीन ज्ञानी राजांच्या सणाचे. चर्चच्या शाळांत शिकणारी गरीब मुलं गावात दारोदार गात फिरायची आणि मिळेल त्या पैशावर, खाण्यावर शाळा करायची. कपड्यांवरून पांढरे लांब सदरे, डोक्यावर कागदी टोप्या आणि मुकुट, कुणी राजा, कुणी पैशाची थैली धरणारा, येशूचा विश्वासघात केलेला ज्यूडास, आणि एकाच्या हातात उंच काठीवर मोठी कागदी चांदणी, तेल लावलेल्या कागदाची, आत मेणबत्ती, गोल फिरवता येणारी. लुसियाची पांढऱ्या झग्यातली नोंद पश्चिम स्वीडनमध्ये 1764 ची आहे, पण आज दिसते ती गावोगावची मिरवणूक 1920 च्या दशकानंतर पसरली, आणि तेव्हा हे जानेवारीतले गाणारे मुलगे डिसेंबरात येऊन तिच्या मागे उभे राहिले. सोबत तबेल्यात काम करणाऱ्या स्तेफानचं गाणंही घेऊन आले, घोड्यांना पाणी पाजणाऱ्या मुलाचं.

हे मी वाचलं तेव्हा रात्रीचे अकरा वाजले होते आणि मला एकदम आमच्या गल्लीतला वासुदेव आठवला. उजाडायच्या आधी यायचा, थंडीत, पायघोळ अंगरखा, कमरेला शेला, डोक्यावर मोरपिसांची उंच निमुळती टोपी, हातात चिपळ्या. आजी सुपात जोंधळे घेऊन दारात जायची आणि तो "दान पावलं" म्हणत एकेका देवाचं नाव घ्यायचा. मी गोधडीतून ऐकायचे. पुढे शाळेत जायला लागल्यावर तो यायचा बंद झाला की मी ऐकायची बंद झाले ते आठवत नाही. काळोखात पांढरा झगा घालून, उंच टोपी घालून, दारोदार गाऊन शेरभर धान्य मिळवणारा पुरुष मला लहानपणापासून माहीत होता, आणि मी इथे चार वर्षं चांदणीवाल्यांच्या शेजारी गात होते तरी मला ते दिसलं नव्हतं. अण्णांना फोन करून सांगितलं तर ते म्हणाले की त्यांनी एका वासुदेवाचा अंगरखा शिवलेला आहे, फार वर्षांपूर्वी, आणि त्यालाही चौबगला घातला होता, तो हात वर करून चिपळ्या वाजवायचा म्हणून.

मोठी चांदणी करायची ही कल्पना त्या फोननंतरची. आमच्या बाल्कनीत दिवाळीचा आकाशकंदील अजून लटकत होता, इथे नोव्हेंबरच्या शेवटापासून घरोघरी खिडकीत कागदी चांदण्या लागतात त्यामुळे तो कुणाच्या डोळ्यावर येत नाही, उलट शेजारीण विचारते कुठून आणला. तर त्याच पद्धतीने. बांबूच्या कामट्या इथे बागकामाच्या दुकानात मिळाल्या, रोपांना आधार द्यायच्या, त्या उभ्या चिरल्या. दोन पाचटोकी सांगाडे, टोकांना दोऱ्याने घट्ट बांधून मध्ये पाच आडव्या काड्या घालून फुगवलेले, सत्तर सेंटीमीटर रुंद. वरून पांढरा पातळ कागद, गव्हाच्या पिठाची खळ करून चिकटवलेला, आणि कागदावर आतून पातळ हाताने तेल. तेल लावल्यावर तो कागद मधासारखा होतो. आत मेणबत्ती ठेवली नाही, बॅटरीचा पिवळा दिवा ठेवला. काठीच्या टोकाला खिळा आणि त्यावर नळीचा तुकडा, म्हणजे चांदणी फिरते. खळीचा वास आणि तेलाचा वास मिळून आमचं घर दोन दिवस दिवाळीच्या आदल्या आठवड्यासारखं झालं होतं. तेलाचे डाग मात्र बांबूवरून हाताला आणि हातावरून झग्याला लागतात, चांदणी धरणाऱ्याने आधी काठी पुसायची, एक बाही मला परत धुवावी लागली.

तेरा तारखेला सहा वाजता आम्ही वृद्धाश्रमाच्या मागच्या खोलीत. बाहेर उणे सात. झग्याखाली सगळ्यांनी लोकरीचे आतले कपडे घातलेले आणि काळी पँट, पायात मऊ बूट कारण तिथली फरशी कडक थंड असते आणि बुटांचा आवाज गाण्यात नको. मी पाचही जणांच्या नाड्या बांधल्या, शिक्षकांची मागची शिवण सरळ केली. ते ऐंशीच्या जवळ आहेत, म्हणाले लहानपणी आईने पिठाच्या गोणीचा झगा शिवला होता, आणि मग बराच वेळ काही बोलले नाहीत.

कॉरिडॉरमधले दिवे बंद केले. लुसिया पुढे, मग बायका, मग चांदणीवाले, शेवटी मोठी चांदणी घेऊन नर्सदादा, कारण ती त्याच्या हातात छताच्या जवळ जाते आणि सगळ्यांच्या डोक्यावरून दिसते. हॉलच्या दारात तो गुडघ्यात वाकला, टोपी हलली नाही. स्तेफानच्या गाण्याला पाचही जण पुढे आले. मला माहितेय की मी शिवलंय म्हणून मला जास्त वाटणार, पण पाच पुरुषांचा आवाज सतरा बायकांवरून इतका मोकळा येताना मी कधी ऐकला नव्हता. लांब ओळ होती तिथे मी बसड्रायव्हर काकांकडे बघत होते, त्यांनी ती एका श्वासात घेतली. चांदणी फिरत होती आणि भिंतीवर पिवळा उजेड हळूहळू सरकत होता.

नंतर कॉफी आणि केशर घातलेले लुस्सेकात्तेर, म्हणजे एस आकाराचे वळवलेले पाव, दोन्ही टोकांत एकेक बेदाणा. एका आजींनी नवऱ्याच्या बाहीचं कापड दोन बोटांत धरून चोळलं आणि विचारलं हे चादरीचं आहे ना. मी झग्याची कड उलटी करून आद्याक्षरं दाखवली. त्यांची नव्हती, पण त्यांनी त्या टाक्यावरून बराच वेळ बोट फिरवलं आणि सांगितलं की हा टाका त्यांच्या शाळेत शिकवायचे, आणि मग त्यांच्या स्वतःच्या चादरी कुठे गेल्या ते सांगत बसल्या, कॉफी गार झाली तरी.

कुणाला करायचं असेल तर दोन गोष्टी राहिल्या. मेणाचा थेंब पडला तर ओरबाडू नका, वर खाली खाकी कागद ठेवून कोमट इस्त्री फिरवा, मेण कागदात येतं. केशराचा डाग मात्र लगेच गार पाण्यात, गरम पाण्याने तो बसतो. आणि टोप्या एकात एक घालून उभ्या ठेवा, सगळ्यात मोठी खाली. आमचे झगे आता वरच्या कपाटात हँगरला आहेत, बायकांच्या शेजारी, जागा करून घेतली.

संध्याकाळी लायब्ररीतून आल्यावर अण्णांना सगळे फोटो पाठवले, मिरवणुकीचे, चांदणीचे, पाच जण रांगेत उभे असलेला पण. मिरजेत तेव्हा मध्यरात्र होऊन गेली होती तरी ते जागेच होते. थोड्या वेळाने मेसेज आला की झगा उलटा करून काखेचा फोटो पाठव, चारी कोपरे दिसू देत.